सेल्फ नुसता टक् करतो, फिरत नाही

प्रश्न: जुनी डिझेल जीप आहे. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, पण दुपारी बुटीबोरीहून येऊन दहा मिनिटं उभी केली की चाबी फिरवल्यावर नुसतं टक्, कधी तेही नाही, सेल्फ फिरूनच नाही राहिला. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. मिस्त्रीने नवी बॅटरी टाकून दिली, फरक शून्य, आता म्हणतो पूर्ण सेल्फ बदला. काय करू?
– एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर: भाऊ, थांबा जरा. थंडा असताना चालतो अन् तापला की रुसतो, अशा सेल्फला लगेच भंगारात काढायचं नसतं. सेल्फवरचा सोलेनॉइड म्हणजे चुंबकी स्विच, चाबी फिरवली की तो आतला दांडा (प्लंजर) ओढून मोटरला करंट जोडतो. त्याची कॉइल तांब्याची, तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो, 30 अंशांवरून 100 वर गेलं तर साधारण सव्वापट, मग करंट कमी आणि प्लंजर ओढायचा जोरही कमी. गाडी उभी केली की हवा बंद, इंजिनची सगळी धग सेल्फवर चढते, म्हणून तुमची ती दहा मिनिटं. त्यात नागपूरचा मे महिना.

पण कॉइलला पूर्ण व्होल्ट मिळाले तर चांगला सोलेनॉइड सहसा एवढ्याने अडत नाही. मला संशय चाबीच्या स्विचमधल्या जळक्या पॉइंटचा, तिथे व्होल्ट गळतात.

बिघाड होईल त्याच वेळी तपासा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. सोलेनॉइडच्या बारीक वायरवर मल्टिमीटरची लाल पिन, काळी सेल्फच्या बॉडीवर, आणि घरातल्या कोणाला तरी चाबी फिरवून धरायला सांगा. वायर काढून मोजू नका हं, मोकळ्या वायरवर 12 दिसतातच आणि माणूस फसतो, लोड आला की खरं कळतं. साडेदहा-अकरा व्होल्ट येऊनही प्लंजर हलत नसेल तर सोलेनॉइड गेला. आठ-नऊच आले आणि त्याच वेळी बॅटरीवर 12 असतील तर चाबी, मधली वायर नाहीतर इंजिन-चेसिसची अर्थिंगची पट्टी, ती पट्टी आधी घासून घट्ट करा, फुकटचं काम आहे. बॅटरीचेच व्होल्ट पडत असतील तर टर्मिनल बघा.

दोष चाबीचाच निघाला तर 30 अँपिअरचा चार पिनी रिले (थोड्या करंटवर चालणारा स्विच) टाकून घ्या, चाबीची वायर फक्त रिले ओढेल आणि सोलेनॉइडला करंट फ्यूजमधून थेट बॅटरीचा.

टक् चांगला दणकून येतो पण मोटर फिरत नाही, असं असेल तर मात्र सोलेनॉइडच्या आतली तांब्याची चकती जळली किंवा मोटरचे कार्बन (ब्रश) संपले, तेवढंच बदलून मिळतं. आणि पेचकसने बॅटरीचा जाड बोल्ट अन् सोलेनॉइडची बारीक पिन जोडायची हिरोगिरी नको, गाडी गिअरमध्ये असली तर ती सरळ अंगावर येते.