इंडी फोकची सगळी गाणी सारखीच आणि रडकी वाटतात, मग लोकांना त्यात एवढं काय आवडतं?

'सारखीच' आणि 'रडकी' हे दोन शब्द एका ओळीत दिसले आणि राहवलं नाही. माझा मोठा भाऊ वर्षानुवर्षं मला हेच दोन शब्द ऐकवतोय. तुमचं म्हणणं असं, की मैत्रीण एका इंडी फोक गायकाची (म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून, बहुतेकदा गिटारवर साधेपणाने गाणाऱ्यांपैकी एकाची) गाणी दिवसरात्र ऐकते, तुम्हाला मात्र एक गाणं कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं तेही कळत नाही. तर तिला त्यात काय सापडतं आणि तुम्ही सुरुवात कुठून करावी?

काम करता करता मागे लावून ठेवत असाल तर सारखीच वाटणार, त्यात तुमचं काही चुकत नाही. एक गिटार, एक आवाज, ढोल-ताशे नाहीत. जे काही घडतं ते बारीक आवाजात घडतं आणि भांड्यांच्या खडखडाटात ते पार बुडून जातं.

दादा स्वतः गिटार वाजवतो. कॉलेजात त्याचा बँड होता, अँप्लिफायर कानठळ्या बसतील इतका मोठा ठेवायचे. एकदा ओळखीच्यांच्या दिवाणखान्यात अशाच एका गायकाची छोटी मैफल होती, माइकसुद्धा नव्हता. गाडी दादाची, म्हणून तोही आला. तो गायक प्रत्येक गाण्यानंतर मान खाली घालून खुंट्या पिळत बसायचा. खोलीत कुणी खाकरलं तरी ऐकू येईल अशी शांतता. तिसऱ्या गाण्यानंतर दादा माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "वाजवतोय कमी, पिळतोय जास्त." पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून असं काही बघितलं की मीच खुर्चीत खाली सरकले.

ते पिळणं हौस म्हणून नसतं. तारा नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांना लावल्या की काही तारा न दाबता मोकळ्या सोडता येतात. त्या तंबोऱ्यासारख्या मागे घुमत राहतात आणि वर दोन बोटांत चाल फिरते. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ते स्वर एका हाताच्या पंजात मावतच नाहीत. इंग्लंडचा निक ड्रेक या बाबतीत टोकाचा होता. गाण्यागणिक ट्यूनिंग बदलायचा, मधल्या वेळात एक शब्द बोलायचा नाही, आणि समोरचे कंटाळून जायचे. पुढे त्याने लोकांसमोर गाणंच सोडलं. १९७४ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी तो गेला, तोवर त्याच्या तीनपैकी एकाही अल्बमला म्हणावा तसा खप नव्हता. १९९९ मध्ये एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचं गाणं वाजलं आणि जिकडेतिकडे लोक विचारायला लागले, हा कोण? गाणं तेच होतं, १९७२ सालचं. म्हणून 'चांगलं असतं तर चाललं असतं' हा दादाचा दुसरा लाडका मुद्दा मी ऐकूनच घेत नाही.

तर त्या रात्री घरी आल्यावर दादाने गिटार काढली. "चार कॉर्ड आहेत, बघ." वाजवलं त्याने, खोटं कशाला बोलू, उत्तम वाजवलं. अंगठा खालच्या सुरांवर एका लयीत, बाकीची बोटं वर, हे सगळं नीट. मग मी म्हटलं, आता गा. पहिल्या ओळीतच अंगठा शब्दांच्या मागे धावायला लागला. गाण्याची ओळ ठोक्याच्या जरा आधी सुरू होत होती, अंगठ्याला ते मान्य नव्हतं. परत सुरू केलं, परत तिथेच अडला. शेवटी म्हणाला, "रियाज केला तर जमेल." अरे, मग मी दुसरं काय म्हणतेय! त्या माणसाने तो रियाज केलाय आणि तो दिसू दिला नाही. दादाचं मत अर्थातच जागचं हललं नाही. गिटार भिंतीला टेकवून तो झोपायला गेला.

तुमच्या मैत्रिणीला काय सापडतं ते मी तिच्या वतीने सांगू शकत नाही, पण माझं सांगते: जवळीक. माइक तोंडाला चिकटलेला असतो, त्यामुळे ओळीआधी घेतलेला श्वास ऐकू येतो, जाड तारेवरून बोट सरकल्याची करकर ऐकू येते. काही ठिकाणी ही जवळीक चक्क कारागिरीने घडवलेली असते. अमेरिकन गायक एलिअट स्मिथ पुटपुटल्यासारखा गातो, पण नीट ऐका, तीच ओळ दोनदा गाऊन एकावर एक ठेवलेली असते. बोन इव्हेर या अमेरिकन बँडच्या पहिल्या अल्बममध्ये शब्द कळत नाहीत अशी तक्रार असते. तिथे बँडचा गायक जस्टिन व्हर्ननने आधी नुसत्या आवाजांत चाली गायल्या आणि त्या आवाजांतून शब्द काढले. त्यामुळे तिथे अर्थ आधी शोधायला गेलात तर हात हलवत परत याल.

'रडकी' म्हणाल तर यात दोष आम्हा ऐकणाऱ्यांचाही आहे. कौतुक करताना आम्ही गायकाच्या दुःखाचं कौतुक करतो. निक ड्रेकचा शेवटचा अल्बम म्हणजे जणू निरोपाची चिठ्ठी, असं हळहळून सांगणारे मला अजिबात सहन होत नाहीत. तो रेकॉर्ड झाला १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये, दोन रात्रींत, स्टुडिओत ड्रेक आणि ध्वनिमुद्रक एवढेच. त्यानंतर तो तीन वर्षं जगला आणि १९७४ मध्ये पुन्हा स्टुडिओत जाऊन गायला. आणि 'ऐकून छान झोप लागते' ही दाद तर कृपा करून कुठल्याही गायकाला तोंडावर देऊ नका. दादाने त्या मैफलीनंतर ती दिली होती. गायक हसला बिचारा.

आता हेही मान्य करते की या प्रकारात भुसा भरपूर आहे. कुजबुजत गायलं की खोल वाटतं, हे बऱ्याच जणांना कळून चुकलंय. तुमच्या मैत्रिणीचा गायकही त्यातलाच असू शकतो, मी त्याला ऐकलेलं नाही.

सुरुवात: तिला तिचं सगळ्यात आवडतं एकच गाणं विचारा, शब्द समोर ठेवून हेडफोनवर ऐका, आणि दुसऱ्यांदा फक्त अंगठ्याने वाजणाऱ्या खालच्या सुरांकडे लक्ष द्या. आवडलं तर अल्बम विकत घ्या. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला पैसेच मिळत नाहीत. बँडकँप, म्हणजे जिथे गायकांचे अल्बम थेट विकत घेता येतात ती वेबसाइट, डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापून घेतं, पेमेंटचा खर्च वेगळा, उरलेले गायकाला जातात. नाही आवडलं तर तिला सरळ तसं सांगा, फक्त 'सारखीच' म्हणू नका. दादाला मी हे कितीदा सांगितलं, की नावडतं म्हण, चालेल, पण सोपं म्हणू नकोस.