'प्रशिक्षण दिले' एवढ्यावर थांबू नका

जत तालुक्यातल्या रक्तदाबाच्या कामाचा तुमचा मसुदा वाचला. काम मनापासून आवडलं. पण 'आशाताईंना प्रशिक्षण दिले' एवढ्या वाक्यावरून पाटणच्या आरोग्य केंद्राला उद्या तेच करता येईल का? नाही येणार. कोणी शिकवलं, कोणाला, नेमकं काय करून दाखवलं (दंडाला पट्टा कसा बांधायचा, हेसुद्धा), कधी, किती वेळा आणि त्यातून काय बदलायला हवं होतं, हे सगळं लिहा. आरोग्यातल्या उपक्रमांची अंमलबजावणी कशी केली हे कसं नोंदवावं, यावरच्या २०१३ च्या लेखात संशोधक प्रॉक्टर आणि सहकाऱ्यांनी हेच मांडलंय.

नवखे हमखास इथे चुकतात:
- गोळ्या हा उपचार. त्या नियमित मिळाव्यात म्हणून केलेली धडपड वेगळी. सरमिसळ नको.
- ठरलं ते लिहितात, घडलं ते राहतं.

स्टारीची (StaRI, म्हणजे अंमलबजावणीच्या अभ्यासाचा अहवाल कसा लिहावा याच्या निकषांची) २७ मुद्द्यांची यादी नंतर बघू. आधी हा परिच्छेद पुन्हा लिहून पाठवा.