वाचकांचे प्रश्न : ती धडपडते कुठे, आणि तेव्हा तो काय करतो?

मागच्या अंकात मी इंग्लंडमधल्या रीजन्सी काळातल्या विनोदी प्रेमकथांवर लिहिलं होतं. राजा तिसरा जॉर्ज आजारी पडला आणि त्याचा मुलगा त्याच्या जागी कारभार पाहू लागला, तो १८११ ते १८२० हा काळ. धांदरट मुलगी आणि गुलछबू उमराव ही त्या कथांची लाडकी जोडी. या लेखावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बरीच पत्रं स्वतः लिहू पाहणाऱ्यांची आहेत, याचा मला फार आनंद झाला. त्यातली चार इथे घेते.

प्रश्न : ताई, मी पहिलीच कादंबरी लिहिते आहे. काळ १८१४, स्थळ लंडन. माझी नायिका वेंधळी आहे. पहिल्या प्रकरणात ती जिन्यावरून घसरते, दुसऱ्यात चहा सांडते, तिसऱ्यात तळ्यात पडते. मैत्रिणीनं वाचलं आणि म्हणाली, "तिसऱ्यांदा मला हसू आलं नाही, तिची कीव आली." कुठे चुकतंय?

उत्तर : मैत्रीण बरोबर बोलली. तिला जपा. तुमची नायिका पडते, कारण तिनं पडावं असं तुम्हाला वाटतं. तिला स्वतःचं कारण द्या.

कारणं त्या काळात हवी तेवढी आहेत. राणीच्या दरबारात पहिल्यांदा हजेरी लावायची तर बाहेरची फॅशन चालत नसे. एरवी बायका छातीखालून सरळ पायघोळ सुटणारे हलके मलमलचे झगे घालत. दरबारात मात्र आजीच्या काळातला कड्यांचा घेरदार सांगाडा आत बांधावाच लागे. कंबर छातीपाशी आलेली आणि तिथूनच घेर सुरू, म्हणजे मुलगी घंटेत उभी केल्यासारखी दिसायची. डोक्यावर शहामृगाची पिसं. राणीपुढे खोल मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे मागे सरकत दालनाबाहेर पडायचं. कारभार पाहणारा तो राजपुत्र चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला तेव्हा, १८२० मध्ये, हा सांगाडा बंद झाला. तुमच्या १८१४ च्या नायिकेची त्यातून सुटका नाही.

हे अंगाला कसं जाणवत असेल ते पाहायला मी एकदा कमरेला चादर बांधून उलटी चालले होते. पहिलं पाऊल नीट पडलं. दुसऱ्या पावलाला टाच कापडावर आली, आणि कळायच्या आत दोन्ही हात आपोआप वर गेले. हा वर गेलेला हात पकडा. त्यात पंखा आहे का? शेजारी कुणाची पिसं आहेत? विनोद तिथे आहे. नुसतं पडणं एका ओळीत संपतं. पडताना हात कशाला धरायला जातो, ते लिहायला एक पान लागतं.

दुसरं, नाच. गावठी नाचात, म्हणजे ज्याला ते कंट्री डान्स म्हणत, पुरुष एका रांगेत आणि बायका समोरच्या रांगेत. जोड्या वरून खाली सरकत जातात. एक मुलगी डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळली की दहा जोड्यांचा गुंता होतो. वॉल्ट्झमध्ये तसं नाही. तिथे चिरडली तर एकाच माणसाची बोटं चिरडतात, आणि तो माणूस तिच्या कमरेला हात घालून उभा असतो. हा नाच तेव्हा नवा होता. राजपुत्राच्या मेजवानीत तो झाला म्हणून १८१६ च्या जुलैमध्ये 'द टाइम्स'नं त्याच्यावर कडक टीका केली होती. सगळ्या दिवाणखान्याची फजिती हवी असेल तर कंट्री डान्स घ्या. दोघांपुरतीच हवी असेल तर वॉल्ट्झ.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. मोठ्या घरच्या नाचाच्या रात्री जमिनीवर खडूनं चित्रं काढून घेत. फुलांच्या माळा, घराण्याची चिन्हं, जलपऱ्या. गुळगुळीत लाकडावर पातळ चपला घसरू नयेत हा एक हेतू, शोभा हा दुसरा. रात्र चढेल तसं चित्र पुसत जाई आणि झग्यांच्या काठांना पांढरी धूळ लागे. कुणीतरी दिवसभर गुडघ्यांवर बसून काढलेलं चित्र चार तासांत पायाखाली नाहीसं होई.

तुमच्या नायिकेला त्या चित्रावर पाय ठेववत नाही असं समजा. ती जलपरीचा चेहरा चुकवून नाचते. तो चुकवायला लांब पाऊल टाकते, ते पाऊल खडू नसलेल्या उघड्या लाकडावर येतं आणि ती घसरते. सगळ्यांना दिसतं, मुलगी धांदरट आहे. एकालाच दिसतं, ती कशाला चुकवत होती. तो तुमचा उमराव. त्यानं तिला उचललं नाही तरी चालेल. पुढच्या फेरीत त्यानंही जलपरीला वळसा घातला, तर मला तिसऱ्या प्रकरणापर्यंत थांबायची गरज नाही, मी त्याच क्षणी त्याच्या बाजूची.

तळं मात्र काढून टाका.

प्रश्न : माझा नायक अर्ल आहे. पत्त्यांत हरून कर्जबाजारी झाला आहे. शिंपी त्याला कर्जापायी तुरुंगात टाकतो आणि नायिका त्याला सोडवते. प्रसंग चांगला जमलाय, पण एका मित्राला पटत नाही.

उत्तर : मित्राची शंका रास्त आहे. अर्लला कर्जासाठी अटक होत नसे. उमरावांना तो विशेषाधिकारच होता. सामान्य माणसाला मात्र दहाबारा पौंडांपायीही फ्लीट, किंग्ज बेंच किंवा मार्शलसी या तुरुंगांत जावं लागे. लंडनला कपडे कसे घालावेत हे शिकवणारा ब्रमेल राजपुत्राचा जिवलग होता, पण उमराव नव्हता. १८१६ मध्ये कर्ज अंगाशी आलं तेव्हा त्याला रातोरात कॅले गाठावं लागलं. १८४० मध्ये तो फ्रान्समध्येच वारला.

प्रसंग वाचवायचा असेल तर नायकाच्या वडिलांना जिवंत ठेवा. अर्लचा थोरला मुलगा वडिलांची दुय्यम पदवी लावून व्हायकाउंट म्हणून मिरवतो, पण ते नुसतं मानाचं असतं. कायद्याच्या लेखी तो सामान्य नागरिक. तो पार्लमेंटचा सभासद नसेल तर बेलिफ खुशाल त्याच्या खांद्यावर हात ठेवू शकतो.

पण मी तुमच्या जागी असते तर तुरुंग सोडून शिंप्याकडे वळले असते. जुगारातलं देणं कोर्टात वसूल करता येत नसे, म्हणून ते अब्रूचं देणं मानलं जाई आणि सगळ्यात आधी फिटे. शिंपी, चांभार, मेणबत्तीवाला यांची बिलं कायद्यानं खरी, आणि तीच वर्षानुवर्षं पडून राहत. नायिका चुकीच्या दारानं आत जाते (वेंधळी आहे, जाणारच) आणि मागच्या खोलीत तिसऱ्यांदा खेटे घालणारा शिंपी बिलाचा कागद घेऊन बसलेला तिला दिसतो. तिनं त्याच्याशी बोलावं. बायकोचं दुखणं, शिकाऊ पोरांचा पगार. मग ती नाचाच्या मजल्यावर येते आणि तिच्यासमोर तुमचा नायक हसत हसत एका डावावर तेवढीच रक्कम लावतो. तुमच्या कादंबरीचा कणा मला इथे दिसतो.

प्रश्न : मावशी, राग मानू नका. या कथांतला नायक दहा ठिकाणी हुंदडलेला असतो, बायकांना फसवलेलं असतं, आणि शेवटी एका भोळ्या मुलीच्या प्रेमानं सुधारतो. माझ्या बहिणीनं अशा मुलाशी लग्न ठरवलं तर मी आडवी पडेन. मग पुस्तकात आपण टाळ्या का वाजवतो?

उत्तर : राग कसला, बाळ. हा प्रश्न ज्या लेखिकेला पडत नाही तिच्या हातात गुलछबू नायक देऊच नये.

त्या काळात चुकीच्या माणसाशी लग्न म्हणजे काय होतं ते आधी पाहा. लग्न झालं की बायकोचा पैसाअडका नवऱ्याचा. बायकांच्या मालमत्तेचे कायदे आले १८७० आणि १८८२ मध्ये. घटस्फोट हवा तर १८५७ पर्यंत पार्लमेंटमध्ये स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे, आणि तो जवळजवळ पुरुषांनाच मिळे. मुलं बापाची. लहान मुलांचा ताबा मागायला आईला कायद्याचं दार पहिल्यांदा किलकिलं झालं ते १८३९ मध्ये.

कवी बायरन हा त्या पिढीचा सर्वांत गाजलेला रंगेल उमराव. ॲनाबेला मिलबँकनं त्याच्याशी जानेवारी १८१५ मध्ये लग्न केलं. हुशार, गणिताची आवड असलेली, आपण याला सुधारू असा विश्वास असलेली मुलगी. डिसेंबरमध्ये त्यांना मुलगी झाली. पुढच्या महिन्यात ॲनाबेला तान्ह्या लेकीला घेऊन घराबाहेर पडली. एप्रिल १८१६ मध्ये बायरननं इंग्लंड सोडलं, तो परत आला नाही. ते संसाराचं एक वर्ष मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा माझ्या पोटात तुटतं.

म्हणून तुझ्या बहिणीसाठी तू जे करशील, तेच नायिकेसाठी करणारं कुणीतरी कथेत हवं. आत्या असो, धाकटा भाऊ असो, म्हातारी दाई असो. आणि नायकाचं बदलणं लग्नाआधी, कृतीत दिसलं पाहिजे. "तुझ्यामुळे मी बदललो" हे वाक्य मी कुणाच्याही हस्तलिखितात सरळ खोडते. त्याऐवजी त्याला लग्नाच्या करारावर सही करायला लावा. त्या काळी मुलीकडची शहाणी माणसं वकिलाकरवी असा करार करून घेत. तिचा पैसा विश्वस्तांच्या हाती राहील, तिला दरसाल ठरावीक हातखर्च मिळेल, विधवा झाली तर तिची सोय काय, हे सगळं त्यात लिहिलेलं असे. वकील कलमं वाचतो आहे आणि नायक मध्येच म्हणतो, "माझा हात त्या पैशाला लागणार नाही, असं आणखी स्पष्ट लिहा." शाईची दौत नायिकेच्या कोपराजवळ आहे. ती सांडते. नवीन कागद येतो आणि तो पुन्हा सगळं लिहून होईपर्यंत न कुरकुरता बसून राहतो. या माणसासाठी मी टाळी वाजवते, आणि मनापासून वाजवते.

प्रश्न : मराठीत लिहिताना संवाद अडतात. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. मी 'आपण' लिहू, 'तुम्ही' लिहू की 'तू'? 'माय लॉर्ड'चं 'सरकार' करू का?

उत्तर : 'सरकार' नको. तो शब्द आला की लंडनच्या दिवाणखान्यात आपला वाडा आणि तक्क्या-लोड येऊन बसतात. ड्यूकला 'युअर ग्रेस', बाकीच्या उमरावांना 'माय लॉर्ड', तसंच ठेवा. वाचकाला दोन पानांत सवय होते. नायिका साध्या जमीनदाराची थोरली लेक असेल तर ती 'मिस' आणि आडनाव. धाकटीच्या बाबतीत मध्ये तिचं नावही येतं.

तुमची अडचण मला मात्र देणगीच वाटते. इंग्रजी लेखिकेला जवळीक दाखवायला पदवी गाळून नुसतं नाव घ्यावं लागतं, आणि तो एकच टप्पा असतो. आपल्याकडे तीन पायऱ्या आहेत. त्या जपून वापरा. सुरुवातीला दोघंही 'आपण'. भांडण रंगात आलं की तिच्या तोंडून 'तुम्ही' निसटू द्या, कारण रागात माणूस 'आपण' फार वेळ सांभाळू शकत नाही. तो मात्र 'आपण'वरच राहील. त्याला ते शब्द पाठ आहेत, दहा जणींशी तो असाच बोलला आहे. त्याची ती गुळगुळीत अदब तिला टोचली पाहिजे.

'तू' राखून ठेवा. प्रेमाची कबुली देताना तर मुळीच खर्च करू नका, तिथे वाचक त्याची वाटच पाहत असतो. ती कुठल्यातरी अगदी साध्या जागी पडू दे. कुणी बघायला नाही, खडूचं चित्र नाही, पिसं नाहीत, बागेतल्या ओल्या पायरीवर. तो धावत येतो, टोपी मागेच पडलेली, आणि त्याच्या तोंडून निघतं, "लागलं का तुला?"

तिला घोट्यातली कळ नंतर जाणवेल. आधी तो शब्द ऐकू येईल.