लेकराच्या कानात ग्रोमेट (पडद्यात बसवतात ती छोटी नळी) बसवलंय ना, मग आधी आज्जीला सांभाळा

ताई घाबरू नका, आमच्या पोराचं पण झालंय. पहिले एक-दोन दिवस कानातून थोडं पाणी किंवा लालसर आलं तर चालतंय, पण नंतर पिवळं, वास येणारं आलं तर डॉक्टरांना दाखवायचंच, मेडिकलमधून मनाने ड्रॉप्स आणू नका. आणि तेल! आमच्या सासूबाई कोमट तेलाची वाटी घेऊनच बसलेल्या, त्यांना सांगितलं की पडद्याला नळी आहे ओ, तेल थेट आत जाईल. डोकं धुताना कापसाला व्हॅसलिन लावून कानात बाहेरच ठेवा, आपल्या सोलापूरच्या कंबर तलावात, विहिरीत डुंबणं बंद. नळी बहुतेक ६ ते १२ महिन्यांत आपोआप पडते, तरी तपासणी आणि ऐकण्याची टेस्ट चुकवू नका. गड्ड्यात (सिद्धेश्वरांच्या जत्रेत) भोंग्यांच्या आवाजाने आमचा पोरगा रडलाच, आता नीट ऐकू येतंय ना त्याला.