प्रश्नोत्तरे : भातानंतरच्या ज्वारीचा पोंगा का वाळतो?

प्रश्न : भात कापल्यावर नोव्हेंबरअखेर पाच गुंठ्यांत चाऱ्यासाठी ज्वारी पेरली. पंधरवड्यातच निम्म्या रोपांचा मधला पोंगा (गुंडाळलेल्या कोवळ्या पानांचा शेंडा) वाळला. भातावरचा खोडकिडा ज्वारीवर आला का? कोणते औषध फवारावे? – एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : भातावरचा पिवळा खोडकिडा ज्वारीवर जात नाही. ही खोडमाशी असावी. वाळलेला पोंगा धरून ओढून पाहा. अलगद हातात आला, बुडाशी कुजलेला असला आणि घाण वास आला, तर शंका नको. ज्वारीचाही वेगळा खोडकिडा आहे, पण तो पानांवर ओळीने भोके पाडतो आणि पोंगा असा सहज निघत नाही.

माशी पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेला समांतर, एकेक पांढरे लांबट अंडे घालते. दोन-तीन दिवसांत अळी निघून पोंग्यात उतरते आणि वाढीचा कोंब कुरतडते. म्हणून पोंगा वाळल्यावर फवारणे म्हणजे पैसे वाया घालवणे. रोप उगवल्यापासून पहिला महिनाच धोक्याचा.

मुळात पेरणीला उशीर झाला. सोलापूरकडे रब्बी ज्वारी मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबरमध्ये पेरतात. पुढे माशी वाढते. त्यात किनाऱ्यावरची दमट, बेताची उबदार हवा तिला मानवते. खाचर ऑक्टोबरअखेर मोकळे होत असेल, तर आमच्या मते ओलाव्यावर वाल किंवा कुळीथच बरा.

तरीही ज्वारीच हवी असेल, तर गुंठ्याला 400 ऐवजी 500 ग्रॅम बी घ्या. किलोभर बियाला 10 मि.लि. थायमेथोक्झाम 30 एफएस हे बियाला चोळायचे पातळ कीटकनाशक, हातमोजे घालून चोळा आणि सावलीत सुकवा. उरलेले बी कोंबड्यांपुढे टाकू नका. उगवल्यावर सातव्या आणि चौदाव्या दिवशी 5 टक्के निंबोळी अर्क मारा. 15 लिटरच्या पंपाला 750 ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून घ्या; पानांची खालची बाजू भिजली पाहिजे. सुक्या मासळीची पूड ओली करून भोके पाडलेल्या डब्यात टांगली, तर माशा तिकडे ओढल्या जातात. आपल्याकडे ती मिळतेही सहज. मात्र नुसत्या सापळ्यावर विसंबू नका.

आता पोंगा वाळलेली रोपे उपटून खड्ड्यात खोल पुरा. बांधावर टाकली तर आतल्या अळ्यांच्या माशा होतील.

प्रश्न : उपटलेली रोपे गुरांना घातली तर? – तेच वाचक

उत्तर : मुळीच नको. कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल हे विष तयार होते. पाण्याचा ताण पडलेल्या पिकात आणि पोंगा मेल्यावर बुडातून येणाऱ्या फुटव्यांत ते जास्त असते. पीक फुलोऱ्यावर आल्यावरच कापा. खाल्ल्यावर जनावराला धाप लागली, तोंडाला फेस आला, थरथर सुटली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच पशुवैद्यांना बोलवा. सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन वेळेत मिळाले, तर जनावर वाचू शकते.