पॉली की मल्टी? गटिंगची तुलना पहिल्या दिवशी करू नका

तुम्ही घोडबंदर रोडला सोसायटीच्या कोर्टवर आठवड्यातून तीनदा टेनिस खेळता. रॅकेटला गटिंग करायचंय, म्हणजे नव्या तारा बसवायच्यात. पार्टनर म्हणतो पॉली (पॉलिएस्टरची कडक तार) लाव, गटिंगवाला म्हणतो मल्टीफिलामेंट (बारीक धाग्यांची मऊ तार, म्हणजेच मल्टी) घ्या, आणि कोपर अधूनमधून दुखतंय. आधी कोपराचं सांगतो: ते पूर्ण बरं होईपर्यंत पॉलीचं नाव काढू नका.

पॉलीचा फायदा खरा आहे. १९९७ साली ब्राझीलचा कुएर्तेन लक्झिलॉन कंपनीच्या पॉलीने खेळून फ्रेंच ओपन जिंकला, तेव्हापासून जग तिच्या मागे लागलं. चेंडू घासला जाताना उभ्या तारा बाजूला सरकतात आणि झटक्यात जागेवर येतात, त्यातून टॉपस्पिन, म्हणजे चेंडूची पुढच्या दिशेची फिरकी, वाढतो. पण त्यासाठी हात तेवढा वेगाने फिरायला हवा. शिवाय व्यावसायिक खेळाडू मॅचगणिक ताजं गटिंग घेऊन उतरतात, आपण तेच सहा-सहा महिने चालवतो. पॉली तुटण्याच्या कितीतरी आधी मरते. टेन्शन, म्हणजे तारांचा ताण, उतरतं, सरकलेल्या तारा परत येत नाहीत, दर पॉइंटनंतर बोटांनी सरळ कराव्या लागतात. तुटत नाही म्हणून आपण बदलत नाही, आणि कोपराची वाट लागते ती तिथेच.

म्हणूनच तुलना पहिल्या दिवशी करू नका. नवीन गटिंग, मग ते कुठलंही असो, छानच वाटतं. आठ-दहा तास खेळून झाल्यावर ते कसं वागतं, ते बघा. रॅकेट तीच, तारेची जाडी तीच, टेन्शन तेच ठेवा, आणि गटिंग एकाच माणसाकडून, एकाच मशीनवर करून घ्या. हे फार महत्त्वाचं आहे. हँडलचं मशीन तार ओढून लॉक करतं, इलेक्ट्रॉनिक मशीन ओढत राहतं, त्यामुळे ठाण्यातल्या दुकानाचे ५२ पाउंड आणि वाशीतल्या दुकानाचे ५२ पाउंड सारखे निघतीलच असं नाही. चेंडूंचा डबाही दर वेळी नवा उघडा. बसलेल्या चेंडूंनी चांगली तारसुद्धा मेल्यासारखी वाटते.

नोंद काय ठेवायची? रॅलीतला तुमचा नेहमीचा फोरहँड सर्व्हिस लाइन आणि बेसलाइनच्या मध्ये कुठे पडतो, ते. लांब जायला लागला तर टेन्शन उतरलंय. दुसरं म्हणजे तारा जिथे एकमेकींवरून जातात तिथे एक तार जरा बाजूला सारून नखाने चाचपा. पॉलीत खाच लागली की तार अडकायला लागते. मल्टीचे बारीक धागे सुटून पिसारतात, त्याला घाबरू नका, ती बरेच दिवस चालते.

नॅचरल गट हाताला सगळ्यात मऊ आणि टेन्शनही उत्तम धरतं. पण ते गुरांच्या आतड्यापासून बनतं, महाग असतं आणि आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत लवकर खराब होतं. मी ते सुचवणार नाही.

तुमच्या जागी मी १.३० मिमीचं साधं सिंथेटिक गट (नायलॉनची तार) लावून सुरुवात करेन, रॅकेटवर छापलेल्या टेन्शनच्या रेंजच्या मधल्या आकड्याला. तुलनेला तो पाया. मग त्याच आकड्याला मल्टी. कोपर बरं झालं आणि तरीही स्पिन हवाच असेल तर उभ्या तारा पॉलीच्या, आडव्या मल्टीच्या, आणि टेन्शन तीन-चार पाउंड कमी. रॅकेटचं मॉडेल आणि ती छापलेली रेंज कळवा, म्हणजे नेमका आकडा सांगता येईल.