पालकांनी गुण कमी दिले म्हणून

सप्रेम नमस्कार.

तुझी मेल वाचली. बालकर्करोग संशोधनाचा तुझा प्रस्ताव समितीतल्या तज्ज्ञांनी उचलून धरला आणि आजारी मुलांच्या पालक-प्रतिनिधींनी कमी गुण देऊन अडवला, म्हणून चिडली आहेस. ‘त्यांना विज्ञान कुठे कळतं’ हे मला लिहिलंस ते ठीक. समितीला द्यायच्या उत्तरात त्याचा वासही येऊ देऊ नकोस.

त्यांची हरकत पुन्हा वाच. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, उपचारात जेवढी लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यात सुई घालून तिथलं पाणी काढणं) ठरलेली असतात, त्यावर तू दोन जादा मागितलीस आणि पुढे ‘किमान जोखीम’ लिहिलंस. लहान मुलाला त्यासाठी भूल द्यायची, म्हणजे आधी उपाशी ठेवायचं. स्टेरॉइड चालू असलेलं चार वर्षांचं पोर भुकेनं नुसतं कासावीस होतं. त्यात त्याचा नंबर दुपारी लागतो. बिस्किटाचा पुडा पर्समध्ये लपवून तोवर त्याला खेळवत बसलेल्या आईला तुझ्या ‘किमान’चा अर्थ चांगला कळतो. पाठीच्या कण्यात औषध सोडतात तेव्हाच तुझा नमुना घेता येईल का, ते बघ. बहुतेक येईल.

तू ब्रिटनमध्ये अर्ज करते आहेस, म्हणून सांगतो. तिथे जेम्स लिंड अलायन्स या संशोधनाचे अग्रक्रम ठरवायला मदत करणाऱ्या संस्थेच्या पद्धतीनं पालक, बरे झालेले रुग्ण, डॉक्टर आणि नर्स यांनी एकत्र बसून बालकर्करोग संशोधनाचे दहा प्रमुख प्रश्न निवडले. पहिला प्रश्न प्रभावी, पण मुलांना कमी सोसावं लागेल अशा उपचारांचा आहे. तुझ्या अर्जात ‘सोसणं’ कुठेच नाही.

पालकांचं काम फक्त पैसा गोळा करायचं, असं समजू नकोस. डीआयपीजी हा मेंदूच्या देठातला गाठीचा आजार. जागा इतकी नाजूक की वर्षानुवर्षं बायोप्सीच टाळली जायची, मग अभ्यास कशावर करणार? मूल गेल्यावर ती गाठ संशोधनाला देणारे आईबाप पुढे आले. 2012 मध्ये या गाठींत हिस्टोन एच3 मधला (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्यांतल्या एका प्रथिनातला) बदल सापडला, त्यामागे असे नमुनेही होते. त्याच बदलाच्या गाठींसाठी अमेरिकेत ऑगस्ट 2025 मध्ये डोरडाव्हिप्रोन हे औषध मंजूर झालं. हा आजार असलेली गॅब्रिएला मिलर दहाव्या वर्षी गेली. तिच्या नावाच्या 2014 च्या कायद्यानं राजकीय पक्षांच्या अधिवेशनांना मिळणारा सरकारी पैसा बंद करून दहा वर्षांसाठी वर्षाला 1 कोटी 26 लाख डॉलर बालसंशोधनाकडे वळवायची तरतूद केली. (आपल्याकडे असा कायदा कोणी नुसता मांडून दाखवावा!) पैसा वळवला तो कुटुंबांच्या रेट्यानं. त्यातून जनुकीय माहितीचा सामायिक साठा उभारायचा, हे मात्र तज्ज्ञांनी ठरवलं.

पालकांचं सगळंच बरोबर असतं असंही नाही. ज्या आजाराचे पालक संघटित, त्याकडे पैसा लवकर जातो. शिवाय बैठकीला येऊ शकतो तो रजा मिळणारा, भाषा येणारा पालक. विदर्भातून परळला येऊन धर्मशाळेत राहणाऱ्या बापाला विचारलंस, तर तो म्हणेल, उपचार अर्धवट सोडावे लागू नयेत यावर आधी काहीतरी शोधा. पुढेमागे इकडे काम करणार असशील तर तोही प्रश्न वहीत लिहून ठेव.

आता उत्तर लिहायला घे. हरकत घेणाऱ्यांचे आधी आभार मान, मग बदललेलं वेळापत्रक दे. सामान्य वाचकासाठीचा सारांश मला पाठव. त्यातला ‘बायोमार्कर’ (आजाराची मोजता येणारी खूण) हा शब्द पाच वेळा आलाय, तो एकदाच ठेव.

तुझा,
सर